पाव टाकीची ओहोटी

सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावातून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. सासऱ्यांची हयात मासेमारीत गेली, घरात अजून होडी आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या हट्टाखातर मे महिन्यात त्याच्या वाढदिवसाला दोन फुटी काचेची टाकी आणली. दुकानदारानं सामानाबरोबरच चार गोल्डफिश, सहा गप्पी, दोन छोटे ‘शार्क’ आणि काच साफ करायला एक सकर असे तेरा मासे दिले. घरी येऊन त्याच दिवशी सगळे टाकीत सोडले. मुलानं किनाऱ्यावरून आणलेले शिंपलेही तळाशी मांडले. पाचव्या दिवशी पाणी दुधट झालं, मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले, दहाव्या दिवसापर्यंत बहुतेक गेले. ताईंनी टाकी रिकामी केली, खडी उन्हात वाळवली, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला, नवे मासे आणले. तेही गेले. आता दर रविवारी टाकी घासून पूर्ण पाणी बदलतात, तरी जुलैत तिसऱ्यांदा तेच घडलं. या खेपेला तर वाडीच्या विहिरीचं पाणी भरलं त्याच संध्याकाळी मासे गेले. दोन गप्पी तेवढे उरलेत. सासरे नातवाला म्हणतात, “मासो मेलो म्हणून रडतस कित्याक?” सासूबाई म्हणतात, घरावरचं अरिष्ट माशांनी स्वतःवर घेतलं. शेजारचा मुलगा म्हणाला, तुझा हात लागला की मरतात. मुलानं टाकीकडे बघणं सोडलंय. पाच आठवड्यांवर गणपती आहेत, मुंबईचे चाकरमानी येणार, त्याआधी टाकी माशांनी भरलेली असावी असं ताईंना वाटतं. त्या विचारतात: टाकी बंद करू, की चांगल्या दुकानातून भारी मासे आणू? आणि या दोन गप्पींचं काय करू?

ताई,

मासे तुमच्या मुलाच्या हातानं मेलेले नाहीत, हे त्याला आजच सांगा. तुमच्या हेळसांडीनंही मेलेले नाहीत. पत्रात तुम्ही दिवस, पाण्याचा रंग, माशांचं वागणं इतकं नीट लिहिलंय की काय झालं असावं ते बरंचसं उलगडतं. ज्या मायेनं तुम्ही टाकी घासलीत, तीच तिला बाधली. भांडं जितकं लख्ख तितकं चांगलं, हा आपल्या स्वयंपाकघरातला नियम टाकीला लागू पडत नाही, आणि टाकी विकताना हे सहसा कुणी सांगत नाही.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याची घाण पडते. अंगातला अमोनिया तो बहुतेक कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पण कल्ले भाजून काढतो. वर येऊन तोंडं उघडणारे तुमचे मासे भुकेले नव्हते, त्यांना श्वास पुरत नव्हता. जुन्या, बसलेल्या टाकीत असं होत नाही, कारण तिथे दोन तऱ्हेचे जिवाणू कामाला असतात. एक अमोनियाचं नायट्राईट करतात, दुसरे नायट्राईटचं नायट्रेट. नायट्राईटही वाईटच, त्यानं माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात, आणि पाणी बदललं की ते कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, खडी, काच यांना धरून राहतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

तुमच्या टाकीत पहिल्याच दिवशी खाणारी तेरा तोंडं आली आणि घाण पचवणारं कुणीच नव्हतं. पाणी दुधट झालं ते कुजणाऱ्या खाण्यावर वाढणाऱ्या दुसऱ्याच जिवाणूंमुळे. नव्या टाकीत हे नेहमी होतं आणि काही दिवसांत आपोआप निवळतं. तुम्ही तेव्हा टाकी धुवून काढलीत, म्हणजे जी थोडीफार वस्ती बसायला लागली होती तीही गेली. स्पंज पिळताना जो तपकिरी गाळ सुटतो आणि बोटांना जो बुळबुळीत थर लागतो ना, तो तुम्हाला घाण वाटला. कुणालाही वाटेल. पण तुमच्या माशांची घाण पचवणारं जे काही टाकीत होतं, ते त्या थरात होतं. दर रविवारी ते मोरीत गेलं आणि दर सोमवारी टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आली.

तुमच्या सासऱ्यांना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते. पण म्हणून खाडी कधी तळापर्यंत कोरडी पडून, घासून निघून, पुन्हा भरत नाही. थोडं पाणी जातं, थोडं येतं, चिखल आणि त्यातला जीव जागेवर राहतो. टाकीला स्वतःची ओहोटी नाही, ती आठवड्यातून एकदा आपण आणायची, आणि तीही पाव टाकीची. मला खरंच वाटतं की रविवारचं हे काम आजोबा आणि नातू या दोघांनी मिळून करावं. “रडतस कित्याक” असं ते म्हणाले त्यात मला दुष्टावा दिसत नाही. ज्यानं उभा जन्म मासा जाळ्यात पाहिला त्याच्या तोंडून दुसरं काय येणार? पण मुलाचंही काही चुकत नाही. दुपारी ताटातला बांगडा आवडीनं खाणारं पोर रात्री गप्पीसाठी रडू शकतं. त्याला नाव दिलेला, रोज सकाळी ज्याला खायला घातलं असा तो मासा होता. दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखानं राहतात, त्यांतली एक निवडायला त्याला भाग पाडू नका.

तिसऱ्या वेळची गोष्ट मला निराळी वाटते. पाणी भरलं त्याच संध्याकाळी मासे जातात तेव्हा अमोनियापेक्षा पाण्यावरच संशय जातो. पावसाळ्यात ग्रामपंचायत सार्वजनिक विहिरींत टीसीएल पावडर टाकते. माणसांसाठी ते आवश्यकच आहे, रोगराई टळते. पण त्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना आणि स्पंजवरच्या जिवाणूंना दोघांनाही मारक. पावडर पडली त्या दिवशी पूर्ण टाकी बदलली गेली असेल, तर माशांना सुटायला जागाच उरली नाही. तुमच्या गावच्या जलसुरक्षकाला विचारा, पावडर कोणत्या वारी पडते ते तो सांगेल. त्याच्याकडे ओटी टेस्टची बाटली असते: थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. मुलाला सोबत न्या, त्याला हे बघायला आवडेल. घरी उपाय सोपा आहे. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत २४ तास उघडं ठेवायचं, मधून मधून ढवळायचं, आणि दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घालायचे. शहरातल्या वाचकांसाठी एक गोष्ट: नळाच्या पाण्यात क्लोरामाईन असेल तर नुसतं ठेवून ते उडत नाही, थेंब लागतातच.

पाण्याचंच चाललंय तर शिंपल्यांबद्दलही सांगते. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि किंचित आम्लाकडे झुकलेलं असतं. अशा पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (आम्ल वाढलं की तो उतरतो), टिकून राहत नाही, टाकी जुनी होत जाते तसा खाली घसरतो. शिंपल्यांतला चुना हळूहळू विरघळून पाणी जड करतो आणि पीएच वर धरून ठेवतो. निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्याच्या माशांना ते नको असतं, गप्पी आणि मोलींना मात्र मानवतं. पण पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून टाकी बसेपर्यंत शिंपले बाहेर असू द्या. नंतर मुलानं आणलेल्यांतले मूठभर उकळून, घासून परत ठेवा. गप्पीच ठेवायचे असतील तर त्याचे शिंपले त्यांच्या उपयोगाचेच आहेत, हे त्याला जरूर सांगा. किनाऱ्यालगतच्या ज्या घरांत उन्हाळ्यात विहीर मचूळ होते, त्यांनी शिंपले घालण्याच्या भानगडीत पडू नये. ते पाणी आधीच जड असतं.

आता “चांगलं दुकान, भारी मासे” याबद्दल. मासे कच्चे निघाले असं तुम्ही धरून चालला आहात. काही कच्चे असतीलही, पण त्या पाण्यात सगळ्यात दणकट मासाही टिकला नसता. आणि जे मासे तुम्हाला दिले गेले, त्यांतले निम्मे दोन फुटी टाकीचे नव्हतेच. गोल्डफिश थंड पाण्याचा, खूप खाणारा आणि खूप घाण करणारा मासा आहे. वैशाखात आपल्याकडे घरातलं पाणी ३० अंशांवर जातं, आणि पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. ‘शार्क’ म्हणून मिळणारी ती चंदेरी पिल्लं म्हणजे पंगस. वाढला तर मीटरभराच्या वर जातो, तळ्यात पाळायचा आणि खायचा मासा आहे तो. सकर काचेवरचं शेवाळ खातो खरा, पण स्वतः फूटभर होतो आणि जेवढं साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. टाकी साफ ठेवणारा मासा म्हणून कुठलाच मासा आणू नका. ते काम माणसाचं.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत खडी वगैरे जमेस धरून सुमारे ५० लिटर पाणी मावतं. त्यात सात-आठ गप्पी, किंवा सात-आठ झेब्रा, किंवा तेवढेच चेरी बार्ब. यांतली एकच जात. तुमच्याकडे गप्पी आहेत आणि ते या सगळ्यातून तगलेत, तेव्हा गप्पीच ठेवा.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: टाकी बंद करू नका, नवे मासे आज आणू नका, आणि हे दोन गप्पी कुठेही पाठवू नका. टाकी बसवायला त्यांची मदत होणार आहे. दोन छोट्या माशांची घाण ५० लिटर पाण्याला फार नाही, पण जिवाणूंना अन्न म्हणून पुरेशी आहे. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा. रात्री आवाज होतो म्हणून बंद करायची सवय अनेक घरांत असते, ती सोडायला हवी. चिमूटभर खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. अमोनिया आणि नायट्राईट तपासायची थेंबांची किट मागवून घ्या. किंमत जास्त वाटेल, पण तीन खेपांच्या माशांचे पैसे आठवा. दिवसाआड तपासा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राईट चढेल, मग दोन्ही शून्यावर येतील. यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पाव टाकी पाणी बदला. दोन्ही सलग आठवडाभर शून्य राहिले की टाकी बसली.

हे लवकर व्हावं असा एकच खात्रीचा उपाय मला माहीत आहे. तुमच्या ओळखीत कुणाची टाकी वर्षभर सुरळीत चालू असेल, मासे धडधाकट असतील, तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा एक तुकडा मागा. त्यांच्याच टाकीचं थोडं पाणी घातलेल्या पिशवीत, ओला ठेवून, दोन-तीन तासांच्या आत आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. विरजण लावण्यासारखंच हे आहे. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागायला वाट बघावी लागते.

गणपतीला टाकी भरलेली दिसणार नाही, हे आत्ताच मनाशी पक्कं करा. चाकरमान्यांना दोन गप्पी दिसतील, आणि लावलंत तर हिरवंगार वॅलिसनेरिया, ही गवतासारखी पाणवनस्पती. सगळं नीट जमलं तर आणखी तीन. कोण काय म्हणेल ही तुमची काळजी मला कळते, वर्षातून एकदा माणसं येतात. पण घाईनं भरलेली टाकी आरतीच्या वेळी दुधट झालेली आणि मुलगा पुन्हा कोपऱ्यात बसलेला, हे जास्त वाईट.

नवे मासे आणताना एका वेळी तीनच. कारण जिवाणूंची वस्ती टाकीत जेवढी घाण पडते तेवढीच वाढते. दोन माशांवर बसलेली टाकी अचानक आठ माशांची घाण पेलू शकत नाही. तीन आणले की दोन आठवडे थांबा, तपासा, मग पुढचे. दुकानात मासा विकत घेण्याआधी पाच मिनिटं नुसते उभे राहून बघा. पंख मिटून कोपऱ्यात बसलेला, खडीला अंग घासणारा, पोट खपाटीला गेलेला मासा कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्याच काचेत मेलेला मासा दिसला तर त्या दिवशी रिकाम्या हातानं परत या. दुकानदाराला मासे खायला घालून दाखवायला सांगा. चांगला दुकानदार रागावणार नाही.

आणलेले मासे सरळ मोठ्या टाकीत सोडू नका. ही शिस्त मी महागात शिकले. दोन वर्षं नांदलेले अकरा बार्ब मी एका नव्या माशापायी घालवले. सोडला तेव्हा त्याच्या अंगावर काही दिसत नव्हतं. चौथ्या दिवशी त्याच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आले, आठवड्याभरात सगळ्यांच्या. या रोगाचा परजीवी माशाच्या कातडीत असताना औषधाला दाद देत नाही, तिथून सुटून पाण्यात पोहत असतो तेवढाच मरतो. ठिपके दिसेनासे झाले म्हणून मी औषध थांबवलं आणि तो दुसऱ्यांदा आला. तेव्हापासून नवा मासा आधी वीस-पंचवीस लिटरच्या प्लास्टिकच्या टबात दोन ते तीन आठवडे. टबाला महागडं काही लागत नाही: एक छोटा स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप. तो जादा स्पंज एरवी मोठ्या टाकीतच पडून असू द्या, म्हणजे टबात ठेवाल तेव्हा तो बसलेलाच असेल. आणि दुकानात देतात ते निळं औषध, मिथिलीन ब्लू, उगाच खबरदारी म्हणून मोठ्या टाकीत ओतू नका. त्यानं तुमचे जिवाणूही मरतात. औषधपाणी टबात.

पिशवीतून टबात सोडायची रीत. दिवा बंद करा. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान एक होईल. मग तोंड उघडून दर पाच-सात मिनिटांनी टबातलं वाटीभर पाणी पिशवीत घाला, पिशवीतलं पाणी दुप्पट होईपर्यंत. नंतर मासे जाळीनं उचलून सोडा आणि पिशवीतलं पाणी झाडांना घाला. दुकानाचं पाणी टबात ओतायचं नाही. त्या दिवशी खायला घालू नका. हे झालं कुडाळ-कणकवलीतून तासाभरात आणलेल्या माशांचं. कोल्हापूरहून घाट उतरून चार-पाच तासांनी आलेल्या पिशवीची गोष्ट वेगळी. एवढ्या वेळात पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण माशांच्याच श्वासातल्या कार्बन डायऑक्साईडमुळे पीएच उतरलेला असतो म्हणून तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. म्हणून लांबून आलेल्या माशांना बंद पिशवीतच तापमानाला आणा, आणि उघडल्यावर रेंगाळू नका. एक-दोन वाट्या पाणी घालून लगेच जाळीनं टबात सोडा.

गप्पींमध्ये नर बारीक आणि रंगीत शेपटीचा, मादी मोठी, फिकी, पोटाच्या मागच्या भागात काळसर ठिपका. तुमचे दोन्ही नर असतील तर पुढेही नरच आणा. मादी निघाली तर विकत आणायची गरजच पडणार नाही, दर महिन्याला पिल्लं होतील आणि मग शाळेतल्या कुणाकुणाला ती द्यायची हा प्रश्न उभा राहील. जास्त झालेले मासे व्हाळात किंवा तळ्यात मात्र सोडू नका. बाहेरचा मासा आपल्या पाण्यात रुजला की परत काढता येत नाही, रोग सोबत जातात ते वेगळंच. आरोग्य विभाग डासांच्या अळ्यांसाठी गप्पी सोडतो ते ठरवलेल्या, साचलेल्या पाण्यात. आपण मनानं ते करायचं नाही. याची दुसरी बाजूही आहे. चढणीच्या दिवसांत मुलं व्हाळातले बारीक मासे बाटलीत धरून आणतात. वाहत्या पाण्याची सवय असलेला तो मासा टाकीत गुदमरतो आणि परजीवी घेऊन येतो. बघावा आणि तिथेच सोडावा.

आठवड्याची ओहोटी अशी. शनिवारी संध्याकाळी बारा लिटर पाणी बादलीत भरून ठेवा. ही बादली फक्त टाकीची, तिला साबण कधीच लागता कामा नये. रविवारी पंपाचा प्लग काढा, सायफनची नळी खडीत खुपसत खुपसत तेवढंच पाणी खाली उतरवा. या आठवड्यात डावी बाजू, पुढच्या आठवड्यात उजवी. समोरची काच स्वच्छ स्पंजानं पुसा, मागची तशीच राहू द्या. फिल्टरची धार मंदावली असेल तरच, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, तो स्पंज या काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा हलका पिळा. नळाखाली नाही, विहिरीच्या पाण्यात नाही. पाणी अजून तपकिरी येतंय तोवरच थांबा. मग शिळं पाणी हळूहळू ओता, पंप चालू करा. अर्धा तास पुरतो. काढलेलं पाणी जास्वंदीला, कढीपत्त्याला घाला, त्यांना ते खतच. मधल्या दिवसांत उडून गेलेलं पाणी वरून भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, क्षार आणि नायट्रेट मागे तसेच राहतात.

दिवा रोज सहा ते आठ तास पुरे, खिडकीचं ऊन टाकीवर नको. शेवाळ हटेना झालं तर बहुतेक वेळा खाणं आणि उजेड यांतलं काहीतरी जास्त होतंय.

वीज हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. मी दर तासा-दीड तासानं तांब्या भरून पाणी हातभर उंचीवरून परत टाकीत सोडत होते, रात्रीही गजर लावून. मासे वाचले. त्यानंतर बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप घेतला, तो तुम्हीही घ्या. वीज नसताना खायला अजिबात घालू नका, धडधाकट मासा दोन-चार दिवस सहज उपाशी राहतो. फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल तर सुरू करण्याआधी स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, आत कुजलेलं पाणी एकदम टाकीत नको.

गणपतीच्या दिवसांतल्या दोन गोष्टी मात्र विसरू नका. हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. धूप, उदबत्ती, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डास मारायचे फवारे आणि कॉइल, हे सगळं त्या वाटेनं पाण्यात उतरतं. डासांच्या औषधांतली पायरेथ्रॉईड नावाची रसायनं मासे मारायला फार थोडी पुरतात. टाकी आणि मखर एकाच खोलीत असतील तर पंप शेजारच्या खोलीत ठेवून नळी लांब करा, आणि त्या खोलीत फवारा बंद म्हणजे बंद. दुसरं, पाहुण्यांची मुलं. डबा हाताशी असला की दहा जण दहा वेळा खायला घालतात. रोजची चिमूट कागदाच्या पुडीत बांधून ठेवा, एका दिवसाला एक पुडी, आणि ती कुणी घालायची ते तुमचा मुलगा ठरवेल.

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल मी थोडी अडखळले. माशानं घरावरचं अरिष्ट घेतलं, असं त्या मायेपोटी म्हणतात. नातवाचं दुःख वाया गेलं नाही असं त्यांना त्याला सांगायचंय. त्यांच्याशी वाद घालू नका. पण मुलाच्या मनात हे कुठे जाऊन बसतं बघा: मासे मरणारच, आपण काही करू शकत नाही. किंवा त्याहून वाईट, घरात कुणी आजारी पडलं तर मासा मरायला हवा. त्याला कारण सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला अमोनिया कळतो, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला ते माझ्याहून चांगलं सांगता येईल. एक वही द्या, त्यात रोज मासे किती, खाल्लं का, आणि किटचा आकडा. त्याला सगळी जबाबदारी मात्र देऊ नका, टाकी मोठ्या माणसाचीच असते. त्याला नकोच वाटलं, पाच आठवड्यांनंतरही तो फिरकला नाही, तर हे दोन गप्पी चालू टाकी असलेल्या कुणाला तरी द्या आणि तुमची टाकी धुवून माळ्यावर ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला गेलात तर झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय त्याला दाखवा. तिथल्या टाक्याही कुणीतरी रोज सांभाळतं, त्या माणसाला प्रश्न विचारू द्या त्याला.

या रविवारी टाकी घासायची नाही. बारा लिटरची एक बादली, एवढंच. सासऱ्यांना नळी धरायला सांगा.